ज्यू कलाकारांचा गट वर्षभर कसा चालवावा: आधी पंचांग, मग हातकाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे-मुंबई परिसरात दहा-बारा बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) कलाकारांचा गट जमतो आहे. त्यात दोन-तीन चित्रकार, एक सुलेखनकार, एक लाकूडकाम करणारे, काही गाणारे-वाजवणारे आणि भरतकाम करणाऱ्या काही जणी आहेत. काही घरे शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीची विश्रांती) काटेकोर पाळतात, काही नाहीत. महिन्यातून एकदा भेटायचे तर केव्हा भेटावे, काय करावे, आणि पहिल्याच वर्षी प्रदर्शन भरवावे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: पहिल्या वर्षी प्रदर्शन नको. प्रदर्शनासाठी म्हणून केलेली कामे आठवडाभर भिंतीवर राहतात आणि मग माळ्यावर जातात. शिवाय त्यात चित्रकारच पुढे राहतात. शिवणारी आणि गाणारी मंडळी खुर्च्या लावण्यापुरती उरतात. त्याऐवजी प्रत्येक भेटीतून येत्या सणाला घरात किंवा सिनेगॉगमध्ये प्रत्यक्ष वापरता येईल अशी एक तरी वस्तू निघावी. याला परंपरेचा आधारही आहे. आज्ञा पाळायचीच तर सुंदर वस्तूने पाळावी, या कल्पनेला हिद्दूर मित्स्वा म्हणतात. व्यवहारातला फायदा याहून मोठा आहे. कामाची मुदत सण ठरवतो, आणि हनुक्का हा दिव्यांचा सण काही कोणाच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही.

आता पंचांग. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शब्बाथचे दिवे शुक्रवारी सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटे आधी लागतात आणि शनिवारी तारे दिसल्यावर शब्बाथ सुटतो. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सुमारे ६ वाजता, तर जुलैच्या सुरुवातीला सुमारे ७.२० वाजता होतो. त्यात शब्बाथ सुटायची ४० मिनिटे आणि घरून निघून पोचायचा तासभर धरा. शनिवार रात्रीची भेट थंडीत ८ ला जमते, पण जूनमध्ये ९ च्या आत नाही. म्हणून ठरलेली भेट रविवारी सकाळी १० ते १२.३० ठेवावी. शनिवारची रात्र फक्त गाण्याबजावण्यासाठी, तीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच.

शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांत लिहिणे, पुसणे, कापणे, रंगवणे, शिवणे, दिवा लावणे हे सगळे येते. पेन्सिलीने सहज केलेले रेखाटनही चालत नाही. गटात पाळणारे आणि न पाळणारे असे दोन्ही असतील तर वेळापत्रक पाळणाऱ्यांच्या सोयीने ठरवा. न पाळणाऱ्याचे रविवारी काहीच बिघडत नाही. उलट केले तर दोन-तीन घरे येणे बंद करतील आणि कारणही सांगणार नाहीत.

हिब्रू वर्ष ५७८७ हे ११ सप्टेंबर २०२६ च्या संध्याकाळी सुरू होते आणि ते अधिक महिन्याचे वर्ष आहे. आपल्या पंचांगासारखाच चांद्र-सौर मेळ इथेही घातला जातो, १९ वर्षांत ७ अधिक महिने. फक्त अधिक महिना दरवेळी अदारचाच येतो. त्यामुळे पुरिम (एस्तेरचा सण) २३ मार्च २०२७ ला आणि पेसाह (मिसरमधून सुटकेचा सण) २१ एप्रिल २०२७ च्या संध्याकाळी येतो. मागच्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज बांधून हॉल घेतलात तर तीन आठवड्यांनी चुकाल.

वाद्यसंगीताचे दोन कालखंड टाळावे लागतात. पेसाहनंतर ओमेर मोजण्याच्या ४९ दिवसांत अनेक घरे लग्न आणि वाद्यसंगीत टाळतात. ३३ व्या दिवशी, म्हणजे २०२७ मध्ये २५ मे रोजी, मोकळीक मिळते. दुसरा कालखंड तम्मुझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंतचा, म्हणजे २२ जुलै ते १२ ऑगस्ट २०२७. आवची नववी म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास, आपल्याकडचा बिरड्याचा रोजा. या तीन आठवड्यांत मैफल ठेवू नका. वर्षाच्या आत आईवडील वारलेला सदस्यही बहुधा संगीताला येणार नाही. त्याला आग्रह करू नये आणि त्याच महिन्यात हातकामाची वेगळी भेट ठेवावी.

सणांइतकेच महत्त्व मुंबईच्या हवेला आहे. जून ते सप्टेंबर कागदाचे काम ठेवू नका. दमट हवेत कातरकामाचा कागद पन्हाळीसारखा वळतो, जलरंगाच्या वड्यांवर बुरशी धरते, सोन्याच्या वर्खाखालचा चिकट थर वेळेत वाळत नाही आणि वर्ख सुरकुततो. पावसाळ्यात कापड आणि लाकूड घ्या, कागद डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. कापडातही मखमल पावसाळ्यात कपाटात बंद ठेवली तर डाग पडतात, म्हणून सुती किंवा रेशमीवर भरतकाम करावे. हाल्ला (शब्बाथचा पाव) झाकायच्या रुमालाला ४५ × ५५ सेंमी माप पुरते. तालीत (प्रार्थनेची शाल) किंवा अंगावर घालायचे काहीही शिवणार असाल तर लोकर आणि लिनन एकत्र येऊ देऊ नका. अस्तराचा आणि दोऱ्याचाही प्रकार दुकानात विचारून घ्या.

पहिल्या कार्यशाळेसाठी कागदी कातरकाम सगळ्यांत योग्य. पूर्व युरोपातल्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या ज्यू घरांत ही कला होती, साहित्य स्वस्त लागते आणि ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही हात लावता येतो. माणशी साहित्य असे: १६० ते २०० जीएसएमचा ए-३ कागद दोन, ११ नंबरचे पाते बसणारा सर्जिकल चाकू, त्याची चार पाती, कापायची रबरी मॅट, एचबी पेन्सिल, खोडरबर, आणि मागे लावायला गडद रंगाचा आम्लविरहित कागद. पाते दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलावे. बोथट पाते कागद कापत नाही, ओढते, आणि नवशिके नेमके तिथेच हाताला जोर देतात. कागद फाटतो किंवा बोट कापते. वापरलेली पाती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, कचऱ्याच्या पिशवीत नको.

घडी घालून कापले की दोन्ही बाजू सारख्या होतात. मोर, मासे, डाळिंब, खांब, वेल हे घडीवरच कापावे. अक्षरे मात्र घडीवर कधीही कापू नका, दुसऱ्या अर्ध्या भागात ती उलटी उमटतात. आधी घडीतले कोरून घ्यावे, कागद उघडावा, मग मधल्या पट्ट्यावर अक्षरे आखावीत. कापायचा क्रमही ठरलेला आहे: सर्वांत आतली आणि लहान छिद्रे आधी, मोठ्या मोकळ्या जागा नंतर, बाहेरची कड सर्वांत शेवटी. उलट केले तर जाळी आधीच ढिली होते आणि बारीक काम करताना हलते. दोन छिद्रांमधला पूल किमान २ मिमी ठेवा. हात बसला की १.५ मिमीपर्यंत जाता येते.

हिब्रू अक्षरांत सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम ही दोन अक्षरे पूर्ण बंद आहेत. ती कोरून काढली की आतला तुकडा गळून पडतो, म्हणून आखतानाच एक पूल ठेवावा लागतो. दालेत आणि रेश, बेत आणि काफ, हे आणि हेत या जोड्यांत फरक एका कोपऱ्याचा किंवा एका फटीचा असतो. श्मा प्रार्थनेतल्या 'एहाद' शब्दाच्या दालेतचा कोपरा गोल झाला तर 'एक' ऐवजी 'दुसरा' असा अर्थ होतो, आणि तो पाठ भिंतीवर लावण्यासारखा राहत नाही. संगणकावर मजकूर जुळवताना याहून ढोबळ घोटाळा होतो: हिब्रूची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा क्रम उजवीकडून डावीकडे राहत नाही, सबंध शब्द उलटा छापला जातो. म्हणून नियम करा की हज्जान (प्रार्थना चालवणारे) किंवा हिब्रू वाचणारी दुसरी व्यक्ती पेन्सिलीच्या आराखड्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचेल. त्यानंतरच चाकू उघडायचा.

वचन निवडताना चार अक्षरी देवनाम असलेला मजकूर सरावाला घेऊ नका. ते नाव लिहिलेला कागद फाडता येत नाही, टाकता येत नाही. तो गनिझासाठी (बाद झालेल्या पवित्र कागदांच्या साठ्यासाठी) सिनेगॉगमध्ये द्यावा लागतो आणि पुढे दफन होतो. बारा जणांनी चार-चार सराव केले तर ४८ कागद सांभाळत बसाल. सरावासाठी 'शालोम', घराचे आडनाव किंवा आशीर्वादाचे साधे शब्द घ्यावेत.

इथे दिशेचा एक मुद्दा आहे. कातरकामाच्या युरोपीय नमुन्यांत मिझ्राह हा फलक फार दिसतो. मिझ्राह म्हणजे पूर्व. जेरुसलेमच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी तो पूर्वेच्या भिंतीवर लावला. मुंबईहून जेरुसलेम पश्चिम-वायव्येला आहे, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजले तर सुमारे ३०० अंशांवर. ठाण्याच्या घरात मिझ्राह पूर्वेला टांगला की प्रार्थना करणारा जेरुसलेमकडे पाठ करून उभा राहतो. नमुना हवा असेल तर नक्षी घ्या, शब्द बदला आणि फलक पश्चिमेच्या भिंतीवर लावा.

कातरकामाने हात बसला की केतुबा घ्यावी. केतुबा म्हणजे विवाहाचा करार, मजकूर अरामी भाषेत. मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायची वचने), तेफिल्लिन (प्रार्थनेला बांधायच्या डब्यांतली वचने) आणि तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी पारंगत सोफेरनेच (धर्मलेखनिकानेच) चर्मपत्रावर लिहायची असते. केतुबाला तसे बंधन नाही. ती कोणत्याही कुशल सुलेखनकाराने कागदावर लिहिली तरी चालते, म्हणून गटासाठी हे उत्तम काम आहे. देवनागरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट सोपी जाते: हिब्रू अक्षरेही वरच्या रेषेला लटकतात. रेघ वर आखावी, अक्षरे तिच्याखाली सोडावीत; फक्त लामेद वर डोके काढतो. अडचण टाकाच्या कोनाची येते. हिब्रूत आडवी रेघ जाड आणि उभी बारीक असते. बोरू सवयीने ४५ अंशांत धरला तर दोन्ही रेघा सारख्या जाडीच्या येतात आणि अक्षर ठोकळ्यासारखे दिसते. टाकाची धार आधाररेषेशी ६० ते ७५ अंशांवर ठेवली की हवा तो फरक पडतो. अक्षराची उंची टाकाच्या रुंदीच्या साधारण चौपट. ३ मिमी टाकाला १२ मिमी.

कागद ३०० जीएसएमचा, सुती लगद्याचा आणि आम्लविरहित. शाई रंगद्रव्याची, पाण्यात न विरघळणारी; २४ तास वाळवून ओल्या बोटाने पुसून पाहावी. ओळी दोन्ही कडांना भिडायला हव्यात, नंतर कोणी शब्द घुसवू नये म्हणून. पण हिब्रूत शब्द तोडून पुढच्या ओळीत नेत नाहीत. मग जागा भरायची कशी? आलेफ, हे, लामेद, ताव आणि शेवटचा मेम ही अक्षरे आडवी ताणता येतात. आधी हलक्या कागदावर ओळीमागून ओळ मोजून घ्या. शेवटच्या शब्दात सहा सेंटीमीटरचा ताव ओढावा लागला तर वाचणाऱ्याला गणित चुकल्याचे लगेच कळते.

केतुबात चुका कलेच्या कमी आणि तपशिलाच्या जास्त होतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक तारखेची. लग्न सूर्यास्तानंतर लागणार असेल तर हिब्रू तारीख पुढची पडते. पत्रिकेवर रविवार असला तरी करारात सोमवार येतो. विधी ६.३० चा ठरला आणि वरात ७.३० ला पोचली तर काय, हे आधीच हज्जानशी बोलून ठरवा. दुसरी गोष्ट रकमेची: कुमारी वधूला २०० झुझ (प्राचीन चांदीची नाणी) आणि इतरांना १०० झुझ असा मूळ फरक आहे, त्यामुळे छापील मजकूर तसाच उतरवू नये. तिसरी गोष्ट साक्षीदारांची. ते दोघे वधूवरांचे नातेवाईक नसावेत आणि एकमेकांचेही नसावेत. आपल्या समाजात कोण कोणाचा मामेभाऊ हे शोधायला वेळ लागतो, म्हणून नावे पंधरा दिवस आधी घ्या. अश्केनाझी (युरोपीय ज्यूंच्या) प्रथेत 'वेकानिना' या शब्दाचा एक भाग विधी होईपर्यंत अपुरा ठेवतात. तुमचे हज्जान काय करतात ते त्यांनाच विचारा, नमुन्यातून उचलू नका. सह्यांसाठी खाली ४ सेंमी पट्टा कोरा सोडा आणि त्यावर फिक्सेटिव्ह, वार्निश किंवा रंगाची पुसटही छटा नको. अशा पृष्ठभागावर शाई थेंबाथेंबांत जमते आणि साक्षीदाराची सही मंडपात सगळ्यांसमोर पसरते.

लाकूडकाम करणाऱ्यांना मेझुझाची घरे द्यावीत. आतली चर्मपत्राची गुंडाळी विकत घ्यायची. छापील कागद ग्राह्य नाही. आतली पोकळी गुंडाळीपेक्षा १ सेंमी लांब ठेवा, पाठ बंद करा आणि दार पावसात भिजणारे असेल तर तळाला पाणी निघायला ३ मिमी भोक पाडा. चर्मपत्र डावीकडून, म्हणजे मजकुराच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, गुंडाळतात. मेझुझाचे घर आत शिरताना उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या तळाशी बसते. गुंडाळी सात वर्षांत दोनदा तपासायची असते, त्यामुळे घर फेव्हिकॉलने कायमचे चिकटवू नका, दोन पितळी स्क्रू लावा.

धातूकाम करणारा कोणी आला तर त्याला एक मर्यादा सुरुवातीलाच सांगा: जेरुसलेमच्या मंदिरातल्यासारखी सात फांद्यांची मनोरा (समई) बनवायची नाही. हनुक्कियाला, म्हणजे हनुक्काच्या समईला, आठ दिवे आणि एक शमाश (बाकीचे दिवे लावायचा दिवा) असे नऊ असतात, ते चालते. सिनेगॉगसाठी पूर्ण मानवाकृती शिल्पही टाळावे. चित्रातली माणसे घरात चालतात, प्रार्थनेच्या समोर नकोत.

हनुक्किया पणत्यांची करावी, कुंभाराकडे दिवाळीनंतर त्या स्वस्तात मिळतात. आठ पणत्या एका ओळीत, एकाच उंचीवर, मध्यापासून मध्यापर्यंत ८ सेंमी अंतर. शमाश बाजूला किंवा ४ सेंमी उंच ठोकळ्यावर. खाली ७५ × १० सेंमी कोटा फरशीची पट्टी घ्यावी. फळीवर पणत्या चिकटवून वर्तमानपत्रावर ठेवणे हा अपघाताला आग्रहाचे आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. पणत्या जवळजवळ ठेवल्या तर ज्योती एकमेकींत मिसळतात आणि दिवे वेगळे मोजता येत नाहीत. मग हेतूच फसतो. अॅक्रिलिक रंग ज्योतीजवळ काळा पडतो आणि वास मारतो, म्हणून वरची १ सेंमी कड कोरी सोडा. कोऱ्या पणत्या तीन-चार तास पाण्यात बुडवून मग वाळवाव्यात, नाहीतर अर्धे तेल मातीच पिते. खोबरेल डिसेंबरच्या गार रात्री थिजते आणि वात विझते. तीळतेल किंवा ऑलिव्ह घ्या.

२०२६ मध्ये पहिली रात्र ४ डिसेंबरला, शुक्रवारी आहे. त्या दिवशी हनुक्काचा दिवा शब्बाथच्या दिव्यांआधी, म्हणजे साधारण ५.४० ला लागतो आणि अंधार पडल्यावरही अर्धा तास जळायला हवा. सुमारे दीड तासाचे तेल लागेल. एक पणती त्याच वातीने आधी जाळून वेळ मोजा. आठ रात्रींत शमाश धरून ४४ वाती होतात. वळताना ६० वळा.

सुक्कोथ या मांडवांच्या सणाचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे परतीचा पाऊस सगळे बेत धुऊन नेतो. २०२६ मध्ये तो २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो. मांडवाचे छप्पर झावळ्यांचे, उन्हापेक्षा सावली जास्त, आणि वर गॅलरी किंवा झाड नको. कागदी साखळ्या एका सरीत लगदा होतात. कापडी पताका, सुकवलेले भोपळे आणि मक्याची कणसे टांगा. सजावट छपरापासून सुमारे ३० सेंमीच्या आत बांधा. लटकवलेली फळे सण संपेपर्यंत खायची नसतात, हे लहान मुलांना आधी सांगितलेले बरे.

तू बिश्वात या झाडांच्या नववर्षाचा मलिदा (पोहे आणि फळांचे आभाराचे ताट) ही सगळ्यांत जास्त माणसे जमवणारी भेट. २०२७ मध्ये तो २३ जानेवारीला, शनिवारी येतो, त्यामुळे अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नावीच्या (संदेष्टा एलियाच्या) जागी जायचे असेल तर रविवार २४ जानेवारी धरा. वीस माणसांना १ किलो पोहे, दोन नारळांचे ओले खोबरे, अर्धा किलो साखर, वेलची, थोडा सुका मेवा. साखर आणि खोबरे यांना पाणी सुटते. अर्ध्या तासापेक्षा आधी कालवले तर लगदा होतो. ताटातली फळे आशीर्वादांच्या क्रमाने मांडा. केळे झाडाच्या फळांत धरत नाहीत, त्याला जमिनीच्या फळाचा आशीर्वाद लागतो, म्हणून ते खजूर आणि सफरचंदाच्या रांगेत ठेवू नये. वासाच्या आशीर्वादासाठी सब्जा किंवा गुलाब. भरतकाम करणाऱ्यांनी याच भेटीसाठी ताटावरचा रुमाल आणि सिनेगॉगमधल्या एलियाहूच्या खुर्चीचे आच्छादन करावे. खुर्चीचे माप आधी घ्या. हात आणि पाठ यांच्यामधला कोन विसरला की कापड तिथे चोळामोळा होते.

खाण्यापिण्यात वाद टाळायचा सोपा मार्ग म्हणजे मांस नाही आणि दूधही नाही. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा, फळे, घरचे पोहे. बाहेरच्या मिठाईत तूप, वर्ख, जिलेटिन काय आहे ते विचारत बसावे लागते. वाइनऐवजी काळ्या मनुकांचे सरबत आपल्या घरांत चालत आलेलेच आहे: मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, उकळून गाळायच्या. पेसाहच्या आधी साहित्याची पेटीही झाडा. मैद्याची खळ हमेत्सच्या (पेसाहला वर्ज्य आंबलेल्या धान्याच्या) भांडणात येते. मिश्नामध्ये लेखनिकांच्या खळीचा उल्लेख नावानिशी आहे.

कीर्तन मात्र घाईने करू नका. बेने इस्रायल समाजात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी कीर्तनाच्या धर्तीवर योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने होत आली, आणि इस्रायलमध्ये स्त्रियांनी ती पुढे चालवली. एक कीर्तनकार, पेटी, तबला, झांज आणि मागे चार आवाज एवढे पुरते. ७५ ते ९० मिनिटांचे आख्यान करा: पूर्वरंगात एक वचन आणि त्याचे निरूपण वीस-पंचवीस मिनिटे, मग उत्तररंगात कथा. साकी, दिंडी, ओवी यांच्या चाली बहुतेकांच्या कानावर असतात, त्यामुळे मंडळी साथ देतात. फसते ते हिब्रू ओळी साकीत कोंबल्यावर. हिब्रूचा आघात बहुधा शब्दाच्या शेवटी पडतो, मात्रा जुळत नाहीत आणि प्रार्थनेचे शब्द तुटतात. हिब्रू ओळी मुक्त चालीत म्हणा, मराठी पद तालात घ्या. पदांचे कागद १६ पॉइंट अक्षरांत काढा. येणाऱ्यांत साठीच्या पुढचे जास्त असतात. स्त्रीने पुरुषांसमोर गाण्याबद्दल एखाद्या घराची हरकत असेल तर ती तालमीच्या आधी कळायला हवी, कार्यक्रमाच्या दिवशी नाही. पुरिमला एस्तेरचे आख्यान ठेवायचे तर तालमी जानेवारीत सुरू करा, किमान आठ.

रेखाटनाच्या सहली हिवाळ्यात ठेवा. सिनेगॉगांपैकी मुंबईत भायखळ्याचे मागेन डेव्हिड (१८६१) आणि काळा घोड्याचे क्नेसेथ एलियाहू (१८८४), ठाण्याचे शाआर हशामाइम (१८७९), पुण्याचे लाल देऊळ, आणि कोकणात पनवेल, अलिबाग, रेवदंडा. कुठेही विश्वस्तांची लेखी परवानगी आणि प्रत्येकाचे ओळखपत्र आठवडाभर आधी पाठवावे लागते. २००८ पासून सुरक्षा कडक आहे आणि दारात हुज्जत घालून उपयोग नाही. भेटीची जागा आणि वेळ उघड समाजमाध्यमांवर टाकू नका; फोटो दुसऱ्या दिवशी टाका. नवगावच्या जुन्या दफनभूमीत जाणार असाल तर कोहेन (पुरोहित) घराण्यातल्या सदस्याला आधी सांगा, त्याला आत येता येत नाही. जुन्या दगडांवर कागद ठेवून मेण घासू नका, ठिसूळ थर सुटतो. खडू किंवा पीठही चोळू नका. सकाळी ८ च्या सुमारास तिरपे ऊन पडते तेव्हा बाजूने फोटो घेतला की झिजलेली हिब्रू आणि देवनागरी अक्षरे वाचता येतात. ऊन नसेल तर आरशाने प्रकाश आडवा टाका.

प्रदर्शन दुसऱ्या वर्षी. तेव्हा तुमच्याकडे वापरलेल्या वस्तू असतील: काजळी धरलेली हनुक्किया, सह्या झालेली केतुबा (जोडप्याच्या परवानगीने, नावे झाकून प्रत लावावी), मलिद्याचा डाग पडलेला रुमाल. त्यांच्या पाट्या मराठीत लिहा, हिब्रू नावे देवनागरीत, आणि 'ह' व 'ख' यांपैकी हेत या हिब्रू अक्षरासाठी कोणते अक्षर वापरायचे ते पहिल्याच पाटीआधी ठरवून सगळीकडे तेच ठेवा. मांडणी आणि उद्घाटन रविवारी. शुक्रवारी उद्घाटन ठेवणारे सभागृह कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.